दुखण्याची गाडी

अक्काला माती देऊन पाच दिवस झाले होते, तेव्हा माझा आवाज आमच्या गल्लीत आला.

सकाळचे दहा वाजले असतील. दुकान बंदच होतं. मी आत पोत्यांच्या मधल्या जागेत, अक्का बसायची त्या पाटावर, काही न करता बसलो होतो. बाहेर रिक्षा वळणावर मंद झाली आणि कर्ण्यातून मी बोलायला लागलो. "माता-भगिनींनो, दुखणं अंगावर काढू नका. आपल्या सिरसाळ्यात आता बायकांसाठी वेगळा दवाखाना आहे. डॉक्टर बाईच आहेत. लाजू नका. दुखणं लहान आहे तोवर दाखवा." सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलेलं. मागं बारीक सनई लावलेली. रिक्षा आमच्या दारासमोरून गेली, पिंपळापाशी वळली, आणि तिकडूनही तेच ऐकू येत राहिलं.

रिक्षावाल्याची चूक नव्हती. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. थांबवायला हवं हे मलाही तोवर सुचलं नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नांदूरघाटला दिली होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती परत आली आणि अप्पांच्या किराणा दुकानात बसली. अप्पा गेल्यावर दुकान तिचंच झालं. मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि गावच्या वाचनालयात लागलो. लग्न केलं नाही. तिला माझ्या शिक्षणाचा अभिमान होता, पण तो ती थट्टेतूनच दाखवायची. मला पंडित म्हणायची. "आमचे पंडित जेवले का न्हाई, बघते," असं गिऱ्हाइकाला सांगून आत यायची.

डॉक्टर मॅडम गावात आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. आडत बाजाराच्या मागं, जिथं पूर्वी खताची पोती असायची, तिथं त्यांनी चुना लावून दवाखाना मांडला. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. गावातल्या बायका आजारी पडल्या तर परळीला नवऱ्याबरोबर जात, नाही तर जातच नसत. मॅडम एके दिवशी वाचनालयात आल्या. "सर, रिक्षा फिरवायची म्हणते. पत्रकंही वाटायची. मजकूर तुम्ही नीट करून द्याल का? माझं मराठी शाळेतलं आहे."

दोन दिवसांनी त्या आमच्या घरी कागद घेऊन आल्या. पुढच्या खोलीत आम्ही बसलो. कागदावर सात-आठ वाक्यं होती. बहुतेक मी बदलली. एक वाक्य मात्र खोडलं. ते असं होतं: "छातीत गाठ लागली, दुखत नसली तरी, दाखवायला या."

"ही ओळ चौकात चालायची नाही, मॅडम," मी म्हणालो.

"का?"

"पारावर माणसं बसलेली असतात. पोरं ऐकणार, फिदीफिदी हसणार. मग बायका रिक्षा आली की घरात जातील. दवाखान्याचं नावच खराब होईल."

"पण सर, हीच ओळ महत्त्वाची आहे."

"दुखणं या शब्दात सगळं येतं," मी म्हणालो.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. नवीन गाव, नवीन दवाखाना. "तुम्हाला इथलं जास्त कळतं," असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी त्या ओळीवर पेन फिरवलं. एकदा फिरवून भागलं असतं. मी तीन-चार वेळा फिरवलं, खालचं काही वाचता येऊ नये म्हणून.

अक्का चहा घेऊन आली होती. "एवढं घासून काय खोडलंस रं?"

"काही नाही. तुझ्या कामाचं नाही."

पाराची मला जी भीती वाटत होती ती कुणी बोलून दाखवलेली नव्हती. कुणी हसलं नव्हतं, कुणी रिक्षा अडवली नव्हती. ते सगळं मीच मनात रचलं. खरी गोष्ट एवढीच की तो शब्द माझ्या आवाजात चौकातून फिरणार, याची मलाच लाज वाटली. मजकूर रेकॉर्ड मीच करणार होतो. वाचनालयाच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करून माझा आवाज गावाला ओळखीचा होता.

दुखणं हा शब्द मला फार नेमका वाटला होता. आपल्याकडं दुखणं म्हणजे आजार. ताप हेही दुखणं, खोकला हेही. माणूस दुखण्यातून उठतो, दुखणाईत असतो, दुखण्याला कंटाळतो. 'अंगावर काढणं' तर त्याहून चपखल. बायकांच्या जातीनं सगळ्यात जास्त केलेलं काम ते. मॅडमनाही मी हे समजावून सांगितलं होतं, उदाहरणं देऊन. शब्दाच्या पोटात 'दुखतं' बसलेलं आहे, आणि ज्याला काही दुखतच नाही त्याला दुखणं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण आलं नाही.

रिक्षा फिरायला लागली आणि दवाखाना चालायला लागला. हे मान्य केलं पाहिजे. कंबर दुखणाऱ्या, पोट दुखणाऱ्या, पाळीत दुखणाऱ्या बायका आल्या. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांवरून आल्या. मॅडमनी धर्मापुरीच्या देवळाजवळ शिबिर घेतलं, तिथंही माझाच आवाज गेला.

पत्रकांचं काम अक्कानं केलं. मॅडमनी निळ्या अक्षरांत छापून आणलेले गठ्ठे वाटायला माणूस नव्हता. मी वाचनालयाच्या टेबलावर ठेवले तर पुरुषांनी नेऊन त्यांवर भजी खाल्ली. अक्का म्हणाली, "आण इकडं." तिनं पत्रकं मधोमध कापली नाहीत. अख्ख्या कागदाची पुडी बांधायची, अक्षर बाहेरच्या बाजूला. जिरं, मोहरी, बडीशेप, जे काही छटाक-अर्धा पाव असेल ते त्यात. बाई घरी जाऊन पुडी सोडणार, कागद चुलीजवळ सरळ करणार, शाळेतली पोरगी असेल तर वाचणार. "तुझं लिखाण कुणी एवढं वाचलं होतं का?" ती मला म्हणायची. "जिऱ्यासंगं घराघरात गेलं. आता पुस्तक लिही, हळदीत बांधते."

तिनं निदान चाळीस बायका तरी त्या दवाखान्यात धाडल्या असतील. गल्ल्यावर बसून एकेकीला दटावायची. "कावून बसलीस दुखणं घेऊन? जा की. बाईच हाय ती, खाणार हाय का तुला?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आत बसून वाचताना ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत तिला गाठ लागलेली होती.

हे मला नंतर कळलं. रिक्षा सुरू झाली त्याच्या आसपासच कधीतरी, सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसताना तिच्या हाताला ती लागली. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे. लिंग ठेवायची तिची चांदीची डबी छातीवर डावीकडं यायची. तिला वाटलं, डबी घासून घट्टा पडला. तिनं दोरा थोडा आखूड केला.

दोन दिवाळ्या तशाच गेल्या. मग तिची कंबर धरली. आधी उठता-बसता, नंतर झोपेतही. ती वाळायला लागली. मी म्हणालो, मॅडमना दाखवू. ती ताबडतोब तयार झाली, याचं मला नवल वाटलं.

"आता दुखायलंय बाबा," ती म्हणाली. "आता तुझ्या रिक्षाचं ऐकते."

दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत पडदा होता, भिंत नव्हती, त्यामुळं सगळं ऐकू आलं. मॅडम कमरेबद्दल विचारत होत्या. मग त्यांनी ब्लाउज सोडायला सांगितला. 

"अक्का, हे कधीपासून आहे?"

"व्हय, ते? झाली की दोन वर्सं."

"दोन वर्षं? मग दाखवलं का नाही? तुम्ही तर सगळ्यांना इथं पाठवत होता."

"दुखलं असतं तर आले असते की."

"रोज दारावरनं गाडी जात होती, अक्का."

"ती गाडी दुखण्याची हाय, मॅडम," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात थोडा राग होता, उगीच बोल लावल्यासारखा. "हे कुठं दुखत होतं?"

मी बाकावर होतो. समोरच्या भिंतीवर माझंच वाक्य मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मॅडम पडदा सारून बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.  

लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. हाडांत गेलं होतं. जे करता येण्यासारखं होतं ते केलं, पण ते दुखणं कमी करण्यापुरतंच होतं. हा शब्द तिथल्या डॉक्टरांनीही वापरला, आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ अगदी तोच होता जो अक्काच्या मनात होता.

घरी आणल्यावर ती पाच महिने जगली. दुकान पलीकडच्या मावशीची सून सकाळी दोन तास बघायची. अक्का आतून पडल्या पडल्या भाव सांगायची. मी तिला ती खोडलेली ओळ सांगितली नाही. सांगायला कितीदा तरी तिच्या उशाशी बसलो. एकदा तिनंच विचारलं, "काय बोलायचंय का? कवाचा बसलास तोंड धरून."

"काही नाही."

"मग वाच कायतरी. तुझं नको, दुसऱ्याचं वाच."

मी वर्तमानपत्रातला बाजारभाव वाचला. तिला तो आवडायचा.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बसवून. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, वर बेलाची पानं आणि विभूती. स्वामी मंत्र म्हणत होते. अक्काची मांडी नीट बसेना, पाय इतके बारीक झाले होते. डबी गळ्यातून काढताना मला आखूड केलेल्या दोऱ्याची गाठ दिसली. दुहेरी मारली होती, सुटू नये म्हणून.

आणि पाचव्या दिवशी ती रिक्षा आली.

मी उठून चपला घातल्या आणि तिच्या मागं निघालो. पिंपळापाशी गाठली. रिक्षावाला मला बघून खाली उतरला, त्यानं आधी कर्णा बंद केला.

"सर, माफ करा. गल्ली ध्यानात आली न्हाई. उद्यापासून इकडून नेत न्हाई."

"कुठूनच नेऊ नकोस. हे बंद कर."

"बंद? मॅडमनी महिन्याचं सांगितलंय. लई चांगलं हाय सर ते. लोकांचं पाठ झालंय. माझं पोरगंबी म्हणतं."

"त्यात चूक आहे," मी म्हणालो.

 दुःखानं माणसाचं असं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्यानं मला रिक्षात बसवून दवाखान्यात आणलं.

मॅडमनी पेशंट संपवले आणि मग ऐकलं. म्हणाल्या, "मी नवा मजकूर करायला घेतलाच होता. पण तुमच्याकडं कसं यायचं कळेना." त्यांनी कागद पुढं केला. त्यावर त्यांची जुनी ओळ परत लिहिलेली होती, जशीच्या तशी. मी म्हणालो, "हीही अजून नीट नाही. आधी विचारायला पाहिजे."

"कुणाला?"

 दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि अक्काच्या पाटावर बसलो. गिऱ्हाईक यायला लागलं. बहुतेक बायकाच. काही खरेदीला, काही नुसत्या डोळ्याला पदर लावायला. पलीकडची मावशी, जिच्या सुनेनं दुकान सांभाळलं, ती तर बसूनच राहिली. मी कागद काढून वाचला. "छातीत गाठ लागली, दुखत नसली तरी, दाखवायला या." आणि विचारलं, यातून काय कळलं.

एक बाई म्हणाली, "छाती म्हंजी हार्टचं हाय का? आमच्या सासऱ्याला त्येच झालतं."

दुसरी म्हणाली, "गाठ म्हंजी कफाची का?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नाही. बायकांच्या... म्हणजे तिथली."

कुणी हसलं नाही. मावशी म्हणाली, "मग तसं सांग की लेका. लेकराला अंगावर पाजतो तिथली. एवढं सोपं हाय. ह्यात लाजायचं काय? पारावरच्या समद्या गड्यांनी तिथंच तर पिलंय."

बायका हसल्या. मीही बहुतेक हसलो असेन. अंगावर काढणं हा वाक्प्रचार मी शोधून घातला होता, आणि अंगावर पाजणं हा शब्द दारात उभा होता. चौकात म्हणता येईल असा, लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळणारा. ओळ खोडली त्या दिवशी चहाचा कप हातात धरून अक्का दाराशी उभी होती तेव्हा मी तिला नुसतं विचारलं असतं, तर तिनं तो एका क्षणात दिला असता. वर पंडिताला हेही माहीत नाही म्हणून आठवडाभर चिडवलं असतं.

मी कागदावर तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. 

"अन् जिला लेकरूच न्हाई तिनं काय समजायचं?" मावशी म्हणाली. "आपल्या अक्काला कुठं होतं लेकरू? ती म्हणली असती, हे बी माझ्या कामाचं न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं. ओळ खोडताना मी अक्काला काय म्हणालो होतो, ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ती सहज बोलली होती.

चार दिवस मी ते वाक्य बायकांना वाचून दाखवत राहिलो. प्रत्येक वेळी कुणीतरी त्यातून निसटत होतं. शेवटी झालं ते असं: "बायांनो, लेकराला अंगावर पाजतो त्या जागी हाताला गाठ लागली, लेकरू असो नसो, वय काही असो, तर लगेच या. ती दुखणार नाही. दुखत नाही म्हणूनच या." व्याकरणाच्या दृष्टीनं ते मला अजून खटकतं. माझ्या हातून आलेलं ते सर्वांत ओबडधोबड वाक्य आहे.

मी मॅडमना म्हणालो, हे तुमच्या आवाजात करा. मावशीनं ते मोडून काढलं. "तुझ्याच आवाजात र्‍हाऊ दे. बाईनं म्हणलं तर गडी म्हणतेल, चाळे चाल्लेत. तू म्हणलास तर सर म्हणायलेत, मग जा बाई."

रेकॉर्डिंग दवाखान्यातच मोबाइलवर केलं. 'दुखणार नाही'पाशी दोनदा अडलो. सनई लावू नका म्हणालो. भिंतीवरचं निळं वाक्य रंगाऱ्यानं त्याच दुपारी चुना मारून झाकलं, पण एका हातात ते गेलं नाही. उन्हात बघितलं तर अजून दिसतं.

नवी गाडी फिरायला लागली त्या सकाळी मी दुकानात होतो. आवाज चौकातून आला. पारावरचं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काय बे हे, सर काय बोलायले?" आणि दुसरा म्हणाला, "गप बे. अक्का त्यांचीच गेली ना." मग पुन्हा नुसता माझाच आवाज.

समोर खालच्या गल्लीतली एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतली, डोक्यावर पदर. तिनं अर्धा पाव मोहरी मागितली होती. मी मोजली, हाताला लागला तो कागद घेतला, पुडी वळली, दोरा गुंडाळला. गाडी दारावरून जाईपर्यंत ती हललीच नाही. मग म्हणाली, "सर, मॅडम दुपारच्याला असतेत का?"

"चारपर्यंत असतात."

"माझ्यासाठी न्हाई. जावेचं इचारते."

"बरं."

"तिचं दुखत न्हाई म्हणती."

मी मान हलवली.  तिनं पुडी उचलली आणि पायरी उतरली. तेव्हा मला पुडीवरची निळी अक्षरं दिसली. जुन्या पत्रकांचा गठ्ठा मी आदल्या दिवशीच बंबात घातला होता. पण अक्काची सवय अशी की चार-पाच कागद काढून मोजमापाच्या डब्याखाली दाबून ठेवायचे, हाताशी असावेत म्हणून. ते राहून गेले होते.

"थांबा," मी म्हणालो, "ती पुडी इकडं द्या."

तिला वाटलं वजन कमी भरलं. मी पुडी सोडली, मोहरी तागडीत ओतली आणि दुसरा कागद शोधायला लागलो. साधा, कोरा, ज्यावर माझं काहीच लिहिलेलं नाही असा. तो सापडायला वेळ लागला. ती पायरीवर उभी राहिली होती.